सुवेलिमला घरी नेताना

सोमवार, १० ऑक्टोबर. अकाबा.

ही वही कंप्रेसरच्या दुकानदाराने जानेवारीत फुकट दिली होती. नऊ महिने टेबलाखाली पडून होती. आज काढली, कारण घरात काही बोलायची सोय नाही. बायकोला, हनानला, सांगायला गेलं की ती म्हणते, "तुझी माणसं, तुझं तू बघ." खरं आहे तिचं. माझीच माणसं.

सकाळी फद्दाचा फोन आला. बहीण सख्खी, पण 'कसा आहेस' वगैरे भानगड नाही, थेट मुद्द्यावर. एरबिदची संस्था मोठ्या माणसांचा विभाग बंद करते आहे. महिनाअखेरपर्यंत सुवेलिमला, आमच्या धाकट्या भावाला, घेऊन जा म्हणतात.

"मी ठेवणार त्याला," ती म्हणाली. "इथेच, आपल्या गावी, ऐन तुरफाला."

"डोकं फिरलंय का तुझं? अबू नहार ठेवू देईल?"

"गावची मोठी माणसं घेऊन जाहा नेतोय त्यांच्या दारी, मागणं मागायला. शेख मिजहिम पुढे व्हायला तयार झालेत. शनिवारी, दुपारच्या नमाजानंतर. तू त्याला घेऊन ये."

"मी?"

"मग कोण, तल्लालच्या बापा? तुझ्या दुकानातले फ्रिज चार दिवस तुझ्यावाचून थंड राहतील."

लिहायला बसलोच आहे तर सगळं नीट लिहितो. बारा वर्षांपूर्वी मी गाडी चालवत होतो आणि सुवेलिम शेजारी बसला होता. गावच्या रोटीच्या भट्टीजवळच्या वळणावर त्याने एकदम स्टिअरिंगला हात घातला आणि गाडी नहारवर गेली. नहार जागच्या जागी संपला. अबू नहारचा थोरला मुलगा. सुवेलिम जन्मापासूनच वेगळा; डॉक्टर ऑटिझम म्हणतात, गाव खुळा म्हणतं. तेव्हाही जाहा गेली, अबू नहारने रक्त माफ केलं, पण एक अट घातली. खुळा पुन्हा गावात दिसता कामा नये. म्हणून एरबिद. चार वर्षांनी आई वारली. ते सांगायला मी संस्थेत गेलो होतो, त्यानंतर भावाचं तोंड पाहिलेलं नाही. आठ वर्षं झाली.

त्याच्यावर माझा राग नाही असं मी लोकांना सांगतो. आहे राग. त्याच्यापायी माझं गाव सुटलं. मला कुणी जा म्हटलं नव्हतं, पण त्या वळणावरून रोज जायचं म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं.

बुधवार, १२ ऑक्टोबर. एरबिदबाहेर, रस्त्यावर.

अकाबाहून एरबिदपर्यंत एका दमात आलो. संस्थेत उम्म राकान म्हणून बाई आहेत, त्याच बघतात त्याचं. त्याला त्यांनी ऑफिसात आणून उभं केलं. अडतीस वर्षांचा झाला, कानशिलावर पांढरे आलेत. ऑक्टोबरात जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. माझ्याकडे बघितलं नाही. जवळ आला, माझ्या बाहीला नाक लावलं आणि म्हणाला, "तेल."

आठ वर्षांनी भेटलेल्या भावाचा पहिला शब्द. तेल. मी सकाळीच दुसरा शर्ट घातला होता.

सह्या करताना उम्म राकान म्हणाल्या, "त्रास काही नाही त्याचा. भात, दही, रोटी, पांढरं असेल ते खातो. फक्त गाडीत फार वेळ बसवू नका. आणि त्याच्यासमोर फोनवर बोलू नका. फोन वाजला की त्याचं ते सुरू होतं."

"काय सुरू होतं?"

"कुणाचं तरी बोलणं. पीठ घेतलं, दोन पोती. आल्या दिवसापासून तेच. आम्हाला सगळ्यांना पाठ झालंय."

"बडबड आहे," मी म्हणालो आणि दुसऱ्या कागदावर सही केली.

पुढच्या सीटवर बसायला त्याने साफ नकार दिला. नकार म्हणजे काय, दार उघडं धरून उभा राहिला तो राहिलाच. शेवटी पिकअपच्या मागच्या सीटवर बसला, बरोब्बर माझ्या पाठीमागे. वीस मिनिटं गेली आणि माझ्या सीटवर गुडघे आपटायला लागला. थांबलो. उतरला आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागला. अर्धा तास चालला, मग आपणहून येऊन बसला. पुन्हा वीस मिनिटं. पाच तासांचा रस्ता आहे हा. शनिवारपर्यंत पोचलो तरी मिळवली.

गुरुवार, १३ ऑक्टोबर. मादबा, सकाळी.

काल अंधार पडायच्या आत कसेबसे मादबाला पोचलो. मोठा हायवे सोडला. ट्रक अंगावर येतात तिथे हा चालणार कसा? जुन्या रस्त्याने जायचं ठरवलं.

हॉटेलवाला विचारत होता, भाऊ आजारी आहे का. मी म्हणालो, नाही, थकलाय. खरं तर थकलोय मी. तो सकाळपासून खिडकीत बसून पावाचा मऊ भाग काढून खातोय, कडा एका बाजूला ठेवतोय. लहानपणी त्या कडा मी खायचो. आई म्हणायची, तुमच्या दोघांत मिळून एक रोटी पुरी होते. हे आत्ता का आठवलं कुणास ठाऊक.

गुरुवार, संध्याकाळ. करकच्या अलीकडे.

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मुजीबची दरी उतरायला लागलो आणि पहिल्याच वळणावर साहेब उतरले. मला वाटलं, थोडं चालेल. तो खाली धरणापर्यंत चालत गेला. नागमोडी रस्ता, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. मी मागून पिकअप पहिल्या गिअरमध्ये, चारी दिवे लुकलुकवत. मागे गाड्यांची रांग. एक जण काच खाली करून म्हणाला, "लग्नाची वरात आहे का? नवरी कुठाय?" मी त्याला जे म्हणालो ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

खाली पोलीस उभा होता. तरुण, हसरा. मी लायसन्स दिलं, भाऊ असा असा आहे म्हणून सांगितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. हनान असणार. मी खिशातच बंद केला, पण उशीर झाला होता. सुवेलिम रस्त्याच्या मधोमध ताठ उभा राहिला आणि सुरू झाला. "हो गं, निघालो. पीठ घेतलं. दोन पोती. नाही गं, गाडीतच आहे, बोल तू. आईला सांग पाणी ठेव चहाचं."

पोलीस हसायला लागला. "अरे, हा तर हुबेहूब तुमचा आवाज काढतोय. डोळे मिटले असते तर तुम्हीच बोलताय असं वाटलं असतं."

मी लायसन्स घेतलं. पुढचा चढ सुवेलिम गाडीत बसून आला, पण मीच दोनदा थांबलो. बॉनेट उघडून पाणी बघितलं, पुरेसं होतं.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर. करकच्या थोडं पुढे.

करकला जुम्म्याच्या नमाजानंतर एका टपरीवर बसून त्याला जाहाचं शिकवायला घेतलं. शेख मिजहिमनी फोनवर बजावून सांगितलंय, "अव्वाद, तो कॉफीचं गडबडवेल. नीट समजव."

आम्हा लोकांत हे लहान मुलालाही कळतं. जाहा दारी गेली की यजमान वेलचीची कडू कॉफी देतो. पुढे झालेला मोठा माणूस पेला खाली ठेवतो आणि म्हणतो, आम्ही मागायला आलोय, मागितलेलं मिळाल्याशिवाय तुमची कॉफी पिणार नाही. यजमान म्हणतो, प्या, जे मागायला आलात ते दिलं. मग सगळे पितात. त्याआधी कुणी घोट घेतला तर मागणंच मेलं, आलेल्या सगळ्यांची नाचक्की.

हे सुवेलिमला कसं सांगायचं? 'मागणं' म्हणजे काय, 'मान' म्हणजे काय, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. मग मी क्रमच ठरवून दिला. "आधी शेख बोलणार. मग म्हातारा बोलणार. मग प्यायचं." चहाचे तीन पेले मांडले, दोन्ही आवाज मीच काढले. चार वेळा केलं. चारही वेळा बरोबर.

"शेख. म्हातारा. प्यायचं," तो म्हणाला.

"शाबास," मी म्हणालो. त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, त्याने पाठ काढून घेतली.

मग निघालो. आणि मग ते झालं.

टपरीवाल्याचा फोन वाजला होता. पीठ, दोन पोती, चहाचं पाणी. मला वाटलं, संपेल. काल तिथेच संपलं होतं. पण गाडी चालू होती, तो माझ्या पाठीमागे होता, आणि तो थांबला नाही. तोंडाने धडक दिल्याचा आवाज काढला. मग माझा श्वास. मग माझे शब्द, एकही इकडचा तिकडे न करता. "तू हात घातलास. कुणी विचारलं तर मी सांगणार, तू हात घातलास. रडू नकोस. तुला कुणी काही करत नाही. तुला कुणी तुरुंगात घालत नाही, सुवेलिम. तू हात घातलास."

मी गाडी बाजूला घेतली आणि ओरडलो, गप्प बस. तो गप्प बसला.

सोमवारी या वहीत लिहिलं ते खोटं आहे. कुणी वाचणार नाही अशा वहीत मी खोटं लिहिलं. बारा वर्षं इतक्या वेळा सांगितलं की सांगताना मला तो हात दिसतोसुद्धा. त्याने हात घातला नव्हता. त्याचे हात मांडीवर होते. मी फोनवर बोलत होतो, रस्त्याकडे बघत नव्हतो. नहार रस्ता ओलांडत होता, मी त्याला मारलं. लोक भट्टीतून धावत येईपर्यंत जेवढा वेळ होता त्यात मी हे ठरवलं.

शुक्रवार, संध्याकाळ. तफीलाच्या रस्त्यावर.

फद्दाला फोन केला. सुवेलिम लांब चालत होता. मी तिला सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"फोन माझाच होता, अव्वाद. तू बंद केला नव्हतास. मला आदळल्याचा आवाज आला. मग तू त्याला जे बोललास तेही ऐकू आलं."

मी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसलो.

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा तल्लाल चाळीस दिवसांचा होता. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, सुवेलिमला तुरुंगात नेणार नाहीत, अव्वादला नेतील. एक तरी मुलगा राहू दे मला." पुढे म्हणाली, "मग तूही राहिला नाहीसच."

आई चार वर्षं हे घेऊन जगली. मला कधी एका शब्दाने बोलली नाही. शेवटच्या दिवसांत ती सारखी सुवेलिमचं नाव घ्यायची, तेव्हा मला वाटायचं, धाकटा म्हणून लाडका. मला हेवा वाटायचा. लाज वाटते लिहायला.

"मी उद्या सांगून टाकू का?" मी विचारलं.

"अजिबात नाही. तोंड बंद ठेव. शेखने आपली दाढी, आपली अब्रू, तुझ्यासाठी पुढे केलीय. भर जाहात तू असं काही काढलंस तर अबू नहार सगळ्यांना उठवून लावेल. मग सुवेलिम कुठे जाणार? तुझी हनान ठेवणार?"

हनान ठेवणार नाही. अम्मानच्या संस्थेत तीन वर्षांची यादी आहे, मीच चौकशी केली होती. फद्दा म्हणते ते बरोबर आहे. त्याला घर मिळू दे. बारा वर्षं गप्प बसलो, आणखी एक दुपार बसू. हे मी तिला कबूल केलं आहे.

रविवार, १६ ऑक्टोबर. अकाबा.

काल लिहिता आलं नाही.

अबू नहारच्या अंगणात मांडव घातला होता. आमच्या बाजूला चाळीसेक माणसं, समोर त्यांची. शेख मिजहिम मधोमध, माझ्या एका बाजूला सुवेलिम, दुसऱ्या बाजूला फद्दाचा नवरा. अबू नहार फार खंगलाय. काठीशिवाय उभं राहवत नाही. सुवेलिमकडे त्याने एकदाच बघितलं आणि मान फिरवली. मी सुवेलिमच्या हातांकडे बघत होतो. मांडीवर होते.

कॉफी फिरली. शेखने पेला खाली ठेवला आणि बोलला, छान बोलला. बारा वर्षं झाली, आई वारली, अल्ला क्षमा करणाऱ्यांवर प्रेम करतो, आम्ही तुमच्या दारी एक घर मागायला आलोय.

अबू नहार घसा खाकरून म्हणाला, "शेख, या. सगळेच या. तुमच्या पावलांनी माझं अंगण उजळलं."

एवढंच. नुसतं स्वागत. देतो म्हणाला नव्हता, नाही म्हणाला नव्हता. पण शेख बोलला होता आणि म्हातारा बोलला होता. सुवेलिमने पेला उचलला आणि एका घोटात संपवला.

चूक माझी. मी त्याला क्रम शिकवला, त्यातला अर्थ नाही शिकवला.

शेखचं तोंड लालबुंद झालं. समोरून कुणीतरी हळूच हसलं. फद्दाचा नवरा पुटपुटला, "संपलं. घरी चला."

अबू नहारने काठी वर केली, सगळे गप्प. तो सुवेलिमला म्हणाला, "कशी आहे?"

"थंड," सुवेलिम म्हणाला.

म्हाताऱ्याने काठी खाली टेकवली. मग शेखकडे वळला. "तो माझ्या घरची कॉफी प्यालाय. मागून प्याला की न मागता, प्यालाय. आता तो माझा पाहुणा झाला. पाहुण्याला मी गावाबाहेर काढत नाही. राहू दे त्याला बहिणीकडे." सगळीकडून सुटकेचा आवाज झाला, लोकांनी पेल्यांना हात घातले, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण दाराबाहेर एकटा येणार नाही. कुलूप लावा, काय वाटेल ते करा. ज्या हाताने माझा नहार गेला तो हात मला रस्त्यात दिसायला नको. प्या आता. दिलं."

शेख प्याला. सगळे प्याले. फद्दाच्या नवऱ्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. झालं होतं सगळं. मी फक्त पेला तोंडाला लावायचा होता.

सुवेलिम आपल्या रिकाम्या पेल्याची कड बोटाने पुसत होता, गोल गोल. मला तो हात कुलपाच्या आत दिसला. दहा वर्षं, वीस वर्षं. फद्दाची मुलं शाळेत जाताना बाहेरून कडी लावताहेत असं दिसलं. मी पेला उचलला आणि परत खाली ठेवला. भरलेला.

"पी, अव्वाद," शेख दातांतून म्हणाला. मागितलेलं मिळाल्यावर पेला न पिणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं, हे मला काय माहीत नाही?

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हणालो, "अबू नहार, तो हात ह्याचा नव्हता. ह्याने स्टिअरिंगला हात लावलाच नाही. मी फोनवर बोलत होतो. माझं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. नहारला मी मारलं आणि ह्याच्यावर ढकललं, कारण हा उलटून बोलणार नव्हता."

अबू नहार म्हणाला, "कुणाशी बोलत होतास?"

"ते मी सांगणार नाही."

मला वाटलं, काठी अंगावर येईल. त्याच्या मुलांपैकी एक उठलाही. म्हाताऱ्याने त्याला डोळ्यांनी बसवलं. मग अगदी हळू, जसं काही स्वतःशीच बोलतोय, म्हणाला, "बारा वर्षं मी ह्या पोराला शाप दिलाय. पाचही नमाजांनंतर, नाव घेऊन. त्याचे हात झडू देत म्हणालोय." त्याची हनुवटी हलत होती. "तू मला हे करायला लावलंस."

मी तसाच उभा राहिलो.

त्याने उठून माझा पेला घेतला आणि माझ्या पायाशी मातीत ओतला. मग म्हणाला, "तुझा भाऊ राहील. कुलपात नाही. माझ्या दारावरून जाईल, येईल. तू असरच्या नमाजाआधी, दिवस कलायच्या आत, गाव सोडायचं. मी बोलावीन तेव्हा यायचं. नाही बोलावलं तर माझ्या मयतीनंतर ये. पोलिसांचं काय करायचं ते मी ठरवीन."

मांडवाबाहेर शेख मला म्हणाला, "तू माझी दाढी मातीत घातलीस." मी त्याचा हात चुंबायला गेलो, त्याने हात मागे घेतला. फद्दा दारात उभी होती. ती रडत होती, पण माझ्याशी बोलली नाही.

सुवेलिम पिकअपपर्यंत आला. त्याची पिशवी मागच्या सीटवर राहिली होती, ती घ्यायला. मी दार उघडून दिलं.

"उद्या?" तो म्हणाला.

मी तोंड उघडलं होतं, हो, उद्या येतो म्हणायला. तेच म्हणत आलोय त्याला. आई गेल्याचं सांगायला गेलो तेव्हाही निघताना म्हणालो होतो, पुढच्या गुरुवारी येतो.

"नाही," मी म्हणालो. "उद्या नाही."

"परवा?"

"परवाही नाही. अबू नहार बोलावतील तेव्हा येईन. त्याआधी मला येता येणार नाही."

"अबू नहार बोलावतील तेव्हा," तो म्हणाला.

"हो."

"बरं." पिशवी छातीशी धरली आणि आत गेला. मन्सफची, मटण-भाताची, परात आली होती, त्याला पांढरा भात वेगळा काढून ठेवलेला असणार. मागे वळून बघितलं नाही. मी थोडा वेळ गाडी चालू न करता बसलो, म्हटलं, येईल बाहेर. निदान दारापर्यंत. आला नाही. एवढं सगळं त्याच्यासाठी केलं, आणि त्याने मान वळवली नाही. असा माझा भाऊ. मी वळणावर, भट्टीजवळ, गाडी थांबवली आणि खूप रडलो.

गुरुवार, २७ ऑक्टोबर.

हनानला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. आज म्हणाली, "तल्लालला तू सांगायचं, मी नाही." संध्याकाळी सांगणार आहे. बारा वर्षांचा आहे तो, त्याला कळेल. कळेल याचीच भीती आहे.

पोलिसांकडून काही आलेलं नाही. दुकानाच्या दारात गणवेश दिसला की हातातला पाना सुटतो. काल एक पोलीस आला होता, त्याच्या घरचा फ्रिज पाणी गळत होता.

सोमवार, ७ नोव्हेंबर.

आज फद्दाचा फोन आला. गाव सोडल्यापासून पहिल्यांदा. आवाज कोरडाच होता.

"तुझ्या भावाचं काय करायचं सांग. रोज सकाळी अबू नहारच्या दारात जाऊन उभा राहतो."

"कशाला?"

"विचारायला. 'अव्वादला बोलावलंस?' म्हणून. म्हातारा नाही म्हणतो. हा बरं म्हणतो आणि घरी येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गेल्या तीन आठवड्यांत एक दिवस चुकला नाही."

"अगं, त्याला आवर. म्हातारा चिडेल. आहे ते घरही जाईल त्याचं."

"मी दोनदा आवरलं. मग परवा त्याला जायला उशीर झाला, तर म्हातारा काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आला होता बघायला. आता दारातच कॉफी देतो त्याला. हा आधी पितो आणि मग मागतो." फद्दा हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. "माझं तर काही चालत नाही दोघांपुढे."

"आज काय म्हणाले?"

"म्हणाले, आज नाही."

मंगळवार, ८ नोव्हेंबर.

आज नाही.

बुधवार, ९ नोव्हेंबर.

आज नाही.

गुरुवार, १० नोव्हेंबर.

आज नाही. पण फद्दा म्हणाली, आज म्हाताऱ्याने त्याला थांबवून विचारलं, तुझा भाऊ तिकडे नीट जेवतो का.

सुवेलिम म्हणाला, "मला माहीत नाही. बोलव आणि विचार त्याला."